मार्क होते, एसएटीचा स्कोअर होता, तरी नकार का आला?

प्रश्न: मुलीला दहावीला सीबीएसईत ९७ टक्के. अकरावी-बारावी नाशिकमधल्याच एका ज्युनियर कॉलेजात, क्लासशी जोडलेल्या ‘इंटिग्रेटेड’ तुकडीत, राज्य मंडळाकडून. एसएटी, म्हणजे अमेरिकी कॉलेजप्रवेशाची १६०० गुणांची परीक्षा, तीत १५३०. अमेरिकेतल्या बारा विद्यापीठांत पदवीसाठी अर्ज केले, सगळीकडे कॉम्प्युटर सायन्सला. आम्ही साधारण निम्मा खर्च उचलू शकतो, म्हणून बहुतेक ठिकाणी फायनान्शियल एड मागितली. आठ नकार, दोन वेटलिस्ट, दोन होकार. मोठ्या नावांचं समजू शकते. पण जे विद्यापीठ आम्ही ‘हे तर नक्कीच’ म्हणून धरलं होतं, तिथूनही नकार आला, आणि तिच्याच मैत्रिणीला १४४० वर तिथे प्रवेश मिळाला. मैत्रिणीने इकॉनॉमिक्स घेतलं होतं, एड मागितली नव्हती आणि नोव्हेंबरमध्येच अर्ज केला होता. माझा भाऊ एमएसला गेला तेव्हा असं काही पाहिलं नव्हतं. आमचं काय चुकलं? आता काय करावं? मुलगी कोणाशी धड बोलत नाही.
— एक आई, नाशिक

ताई, मुलीला आधी एवढं सांगा की तिचे गुण कमी पडलेले नाहीत. १५३० म्हणजे परीक्षेला बसलेल्या शंभरांत पहिल्या एक-दोघांत. तिचा अर्ज जिथे अडला ते बहुतेक गुणांच्या पलीकडचं आहे, आणि त्यातलं बरंचसं आधी तपासता येतं.

आपल्याकडे प्रवेश म्हटलं की कॅप राउंड डोळ्यांसमोर येतो. पर्सेंटाइल, पसंतीक्रम, कट-ऑफ. कट-ऑफच्या वर असलात की जागा तुमची, मग कोणाला ती अडवता येत नाही. अमेरिकेतल्या निवडक कॉलेजांत पदवीच्या प्रवेशाला अशी यादीच लागत नाही. तिथलं ॲडमिशन ऑफिस एक अख्खी तुकडी जुळवत असतं: इंजिनिअरिंगला किती, इतिहासाला किती, राज्यातले किती, परदेशातले किती, पूर्ण फी भरणारे किती, संघात खेळणारे किती, आणि वसतिगृहात खाटा किती. तुमच्या मुलीची फाइल ज्या टेबलावर उघडली गेली, तिथे ‘ही हुशार आहे का’ हा प्रश्न पहिल्या काही मिनिटांत सुटला असणार. बाकीचा वेळ या दुसऱ्या प्रश्नांत गेला.

गुण एवढ्यावरच का थांबतात, याचे आकडे हार्वर्डच्या प्रवेशपद्धतीवरच्या खटल्यात उघड झाले. हा खटला २०१४ मध्ये दाखल झाला, २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. त्यातल्या एका वर्षाच्या नोंदी पाहा: अमेरिकेतल्या अमेरिकेत सुमारे २६,००० अर्जदार. त्यांतल्या ८,००० हून अधिक मुलांचा जीपीए, म्हणजे शाळेतल्या गुणांची सरासरी, पैकीच्या पैकी. सुमारे ३,५०० जणांना एसएटीच्या गणितात ८०० पैकी ८००. आणि होकार द्यायचे सगळे मिळून सुमारे २,०००, तेही परदेशी मुलं धरून. म्हणजे फक्त पूर्ण जीपीएवाली मुलं घ्यायची ठरवली, तरी चारातल्या तिघांना परत पाठवावं लागेल. त्याच खटल्यात आणखी एक गोष्ट पुढे आली. भरती केलेले खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुलं, डीनच्या खास यादीतली (ज्यांत देणगीदारांशी संबंधित बरेच) आणि प्राध्यापक-कर्मचाऱ्यांची मुलं, हे चार गट अर्जदारांत पाच टक्क्यांच्या आसपास होते, पण होकारांत सुमारे तीस टक्के. त्या जागा तुमच्या मुलीसाठी पहिल्यापासून खुल्या नव्हत्याच. हे अन्यायाचं आहे असं मला वाटतं, पण यादी करताना ते धरूनच चालावं लागतं.

भावाच्या एमएसचा अनुभव इथे कामाला येत नाही, उलट दिशाभूल करतो. नाशिक-पुण्यात घरटी कोणीतरी एमएसला गेलेलं असतं, आणि तेच तर्कशास्त्र आपण पदवीला लावतो. २०२३-२४ मध्ये अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते, त्यांतले पदवीचे जेमतेम ३६,०००. एमएसला विभाग स्वतः निवड करतो, बीईचे गुण आणि विषयाची तयारी पाहतो, आणि मुलं बहुतेक स्वतःच्या किंवा कर्जाच्या पैशाने येतात. फी भरणारे विद्यार्थी त्या विभागाला हवेच असतात. पदवीला निवड मध्यवर्ती ॲडमिशन ऑफिस करतं, आणि परदेशी मुलांच्या जागा मोजक्या असतात. एमआयटी जगभरातून मिळून दर वर्षी दीडशेच्या आसपास परदेशी मुलांना होकार देतं. टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन कॅम्पसला पहिल्या वर्षाच्या नव्वद टक्के जागा कायद्याने टेक्सासच्या मुलांना द्याव्या लागतात. अशा ठिकाणचा वेबसाइटवरचा सरासरी ॲक्सेप्टन्स रेट (शंभर अर्जांमागे किती होकार) नाशिकहून अर्ज करणाऱ्या मुलीला लागूच होत नाही.

आता पैशाचं, कारण तुमच्या बाबतीत माझ्या मते सगळ्यांत जड हेच पडलं.

विद्यापीठं दोन प्रकारची. एक, ज्यांच्याकडे तुम्ही एड मागितली की नाही हे निवड करताना पाहिलं जात नाही. त्यांना नीड-ब्लाइंड म्हणतात. परदेशी मुलांसाठीसुद्धा असं करणारी कॉलेजं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, डार्टमथ, बोडन आणि अशी आणखी थोडी. आणि तिथे प्रवेश सगळ्यांत कठीण. बाकी जवळजवळ सगळी परदेशी मुलांसाठी नीड-अवेअर, म्हणजे एडची मागणी फाइलवर दिसते आणि मोजली जाते. कॉलेजच्या वेबसाइटवर ‘आम्ही नीड-ब्लाइंड आहोत’ असं मोठ्या अक्षरांत असतं, पण ते बहुधा अमेरिकी नागरिकांपुरतं; परदेशी अर्जदारांचं पान वेगळं उघडून वाचावं लागतं. इथे फार जण फसतात.

नीड-अवेअर कॉलेजात काय होतं ते पाहा. खासगी विद्यापीठाचा राहण्याखाण्यासकट वर्षाचा खर्च आता अनेक ठिकाणी ९०,००० डॉलरच्या आसपास गेला आहे, म्हणजे पंचाहत्तर लाख रुपयांच्या वर. तुम्ही निम्मा उचलणार म्हणजे कॉलेजने वर्षाला ४५,००० डॉलर, चार वर्षांचे १,८०,००० डॉलर एका मुलीवर ठेवायचे. परदेशी मुलांच्या एडचं बजेट ठरलेलं असतं, आणि त्याच बजेटवर जगभरातले अर्ज असतात. तेव्हा एड मागणाऱ्या मुलांची तुलना फक्त आपसांत होते, आणि तिथली पट्टी बरीच वर जाते. आता तुम्ही म्हणाल, एड नसती द्यायची तर नुसता प्रवेश द्यायचा होता, पैशाचं आम्ही बघितलं असतं. पण जी कॉलेजं ‘गरज असेल तेवढी पूर्ण मदत देऊ’ असं धोरण ठेवतात, ती मदत देता येत नसेल तर प्रवेशच नाकारतात. होकार द्यायचा आणि पैसे द्यायचे नाहीत, हे त्यांना नको असतं. बाहेरून तो नकार अगदी गुणवत्तेवरचा वाटतो.

एड मागितली ही तुमची चूक नव्हे. निम्माच खर्च झेपत असेल तर तसंच सांगायला हवं, कारण ‘एड नको’ असं लिहून प्रवेश घेतला की अनेक कॉलेजांत परदेशी विद्यार्थ्याला पुढची चारही वर्षं एड मागता येत नाही. चूक झाली ती यादीत. बारा कॉलेजांपैकी किती कॉलेजं परदेशी मुलांना खरोखर पैसे देतात, हे तपासलेलं नव्हतं.

दुसरं, सगळीकडे कॉम्प्युटर सायन्स. अनेक मोठ्या सरकारी विद्यापीठांत प्रवेश विषयवार होतो. अर्बाना-शॅम्पेनच्या इलिनॉय विद्यापीठाचा एकूण ॲक्सेप्टन्स रेट चाळीस टक्क्यांच्या आसपास राहिला आहे, पण तिथल्या कॉम्प्युटर सायन्सचा दहाच्या आत. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात राज्याबाहेरच्या मुलांसाठी त्या विषयाचं दार याहूनही अरुंद आहे. तुम्ही ज्याला ‘नक्की’ धरलं, त्याचा एकूण आकडा पाहून धरलं असणार. त्या विषयाचा आकडा काढला असता तर ते कॉलेज यादीत वरच्या, अवघड गटात गेलं असतं. आणि सोप्या विषयात शिरून मग बदलून घेऊ हा सल्ला एजंट सर्रास देतात, तो धोक्याचा आहे. गर्दीच्या विषयात आतून बदली अनेक ठिकाणी जवळजवळ बंद आहे. स्टॅटिस्टिक्स, गणित, कॉग्निटिव्ह सायन्स, इन्फर्मेशन सायन्स यांत मुलीला मनापासून रस असेल तरच तसा अर्ज करावा, म्हणजे बदली नाही मिळाली तरी चार वर्षं वाया गेल्यासारखी वाटणार नाहीत.

आता त्या ‘हे तर नक्कीच’ कॉलेजबद्दल आणि मैत्रिणीबद्दल.

कॉलेजने होकार दिलेल्या मुलांपैकी जितकी खरोखर येतात, त्या प्रमाणाला यील्ड म्हणतात. हार्वर्डचं यील्ड ऐंशी टक्क्यांच्या वर आहे. मधल्या फळीतल्या कॉलेजचं समजा पंचवीस. त्यांना १,००० मुलं हवी असतील तर ४,००० होकार पाठवावे लागतात. पंचवीसऐवजी तीस टक्के आले, तर २०० मुलांना झोपायला जागा नाही; वीस टक्के आले, तर २०० मुलांच्या फीचा खड्डा. २०१७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन कॅम्पसवर अंदाजापेक्षा सुमारे ८०० मुलं जास्त आली. तेव्हा कागदपत्रं वेळेत आली नाहीत, शेवटच्या वर्षाचे गुण घसरले अशी कारणं देऊन त्यांनी ४९९ होकार मागे घेतले, बोभाटा झाला, कुलगुरूंना माफी मागावी लागली आणि बरेचसे प्रवेश परत द्यावे लागले. असं होऊ नये म्हणून ‘हे मूल येईल का’ याचा अंदाज काही कॉलेजं प्रत्येक अर्जामागे बांधतात. ज्याचे गुण त्यांच्या नेहमीच्या मुलांपेक्षा बरेच वर आहेत, ज्याने कधी त्यांचं ऑनलाइन सत्र पाहिलं नाही, ऐच्छिक मुलाखत दिली नाही, आणि ज्याचा निबंध कुठल्याही कॉलेजला चालेल असा आहे, ते मूल दुसरीकडे जाणार असं ते धरतात. मग वेटलिस्ट किंवा थेट नकार. अमेरिकेत याला बोलीत ‘टफ्ट्स सिंड्रोम’ म्हणतात, टफ्ट्स विद्यापीठावरून.

याचा बागुलबुवाही फार केला जातो, तेव्हा नीट समजून घ्या. यील्ड सांभाळतात ते रँकिंगसाठी, असं अजून सांगितलं जातं. पण यूएस न्यूजने आपल्या क्रमवारीच्या सूत्रातून यील्ड २००३ मध्येच काढलं, आणि ॲक्सेप्टन्स रेट २०१८ मध्ये. खाटा आणि फीचं गणित मात्र खरं आहे. आणि हे सगळीकडे होत नाही: हार्वर्ड, स्टॅनफर्ड, एमआयटी, कॅलिफोर्नियाची सरकारी विद्यापीठं ‘अर्जदाराने किती रस दाखवला’ हे विचारातच घेत नाहीत. तिथून नकार आला तर ‘आपली मुलगी त्यांना जास्तच हुशार वाटली’ असं समजू नका.

मैत्रिणीचं कोडं आता तुमच्या तुम्हालाच सुटेल. तिने नोव्हेंबरमध्ये केला तो बहुधा अर्ली डिसिजनचा अर्ज असणार. त्यात ‘होकार आला तर मी येणारच’ असं मूल, पालक आणि शाळा तिघांच्या सहीने बांधून द्यावं लागतं. कॉलेजसाठी ते शंभर टक्के यील्ड. कित्येक खासगी कॉलेजं आपली निम्म्याच्या आसपास तुकडी डिसेंबरमध्ये अशीच भरून टाकतात. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ हे ठळक उदाहरण. तुमच्या मुलीचा जानेवारीतला अर्ज उरलेल्या निम्म्या जागांसाठी होता, जास्त गर्दीच्या विषयात, पैशाच्या मागणीसकट. १५३० आणि १४४० ही तुलना त्या टेबलावर झालीच नाही.

फाइलच्या कागदांकडे मी मुद्दाम थांबून पाहायला सांगेन, कारण महाराष्ट्रातल्या मुलांचं इथे जे नुकसान होतं ते कोणी बोलून दाखवत नाही. अमेरिकी कॉलेज नववी ते बारावी अशी सलग चार वर्षं पाहतं. आपल्या मुलांची नववी-दहावी एका शाळेत, अकरावी-बारावी दुसऱ्या कॉलेजात, आणि इंटिग्रेटेड तुकडी असेल तर मूल दिवसभर क्लासमध्ये. कॉलेजच्या प्राध्यापकांना ते नावानेही माहीत नसतं. अकरावीचे गुण तर नावापुरतेच. मग कॉमन ॲपवर (अनेक कॉलेजांना एकच अर्ज पाठवायचं पोर्टल) शाळेकडून जे जायला हवं त्यात काय जातं? समुपदेशकाचं पत्र: ‘ही मुलगी अभ्यासू, आज्ञाधारक व नियमित आहे.’ रसायनशास्त्राच्या सरांचं पत्र: तेच, शब्द थोडे फिरवून. वाचणाऱ्याने वर्गातली एक गोष्ट शोधली, तिने कधी कुठला प्रश्न विचारला, कुठे अडून बसली, कोणाला शिकवलं, तर एकही सापडत नाही. त्याच ढिगात आंतरराष्ट्रीय शाळेतल्या मुलाची फाइल असते, दोन-दोन पानांच्या जिवंत पत्रांची.

यावर उपाय आहे, पण तो अकरावीतच करावा लागतो. एका-दोन शिक्षकांच्या तासाला मुलीने खरोखर बसायचं. पत्र मागताना त्यांच्या हातात एक पान द्यायचं: तुमच्या विषयात मी काय केलं, कुठला प्रयोग फसला, काय पुन्हा करून पाहिलं. पत्र तेच लिहितील, पण आठवायला काहीतरी हवं ना. क्लासच्या सरांना मुलगी जास्त माहीत असेल तर त्यांचं पत्र ‘अदर रेकमेंडर’ म्हणून जोडता येतं. विषयशिक्षकाच्या जागी ते चालत नाही. आणि कॉलेजकडे स्कूल प्रोफाइल नावाचं पान नसेल, बहुतेक ठिकाणी नसतंच, तर प्राचार्यांकडून ते करून घ्या: मंडळ कोणतं, तुकडीत मुलं किती, गेल्या वर्षी बारावी विज्ञानला नव्वदच्या वर किती गेले, कुठले विषय मिळतात आणि कुठले मिळतच नाहीत. राज्य मंडळाचे ८८ टक्के म्हणजे काय, हे त्या पानाशिवाय परक्या माणसाला कळणार कसं? टक्क्यांचा जीपीए स्वतः करून लिहू नका. गुणपत्रिकेवर जसे आहेत तसेच. सगळं शाळेच्या अधिकृत ई-मेलवरून जावं. जीमेलच्या पत्त्यावरून आलेल्या शिफारसपत्रावर शंका घेतली जाते, आणि ती शंका रास्तच असते.

निबंधांबद्दल थोडक्यात. ‘आमच्याकडेच का’ या प्रश्नाचं उत्तर असं आलेलं असतं: ‘आपला जगप्रसिद्ध कॉम्प्युटर सायन्स विभाग, नामवंत प्राध्यापक आणि वैविध्यपूर्ण वातावरण यांमुळे मी आकर्षित झाले.’ यात कॉलेजचं नाव बदललं तरी एक अक्षर बदलावं लागत नाही. त्याऐवजी, मुलगी मराठी हस्ताक्षर ओळखणारा प्रोग्राम घरी करून पाहत असेल, जोडाक्षरांपाशी तो अडत असेल, आणि त्या कॉलेजात भाषाविज्ञान आणि कॉम्प्युटर सायन्स एकत्र घेता येत असेल, तर त्या अभ्यासक्रमाचं नाव घेऊन हे चार ओळींत लिहिलं की वाचणाऱ्याला मुलगी दिसते. कॉमन ॲपमधल्या उपक्रमांच्या दहा चौकटींचंही तसंच. प्रत्येकीत १५० अक्षरं मावतात. ‘एनजीओमध्ये सामाजिक कार्य’ या ओळीतून काहीच कळत नाही. ‘मनपा शाळेतल्या १४ मुलांना दर शनिवारी अपूर्णांक, मराठीतून सरावपुस्तिका तयार केली’ यातून कळतं. पैसे भरून छापलेले शोधनिबंध, पैसे भरून मिळणारे ‘समर प्रोग्राम’, अकरावीच्या दिवाळीत काढलेली संस्था, हे वाचणाऱ्यांनी शेकड्याने पाहिलेलं असतं. त्यावर लाखभर रुपये घालवू नका.

पुढच्या वर्षी मुलगी किंवा तिच्या मागची मुलं यादी करणार असतील, तर एजंटच्या एक्सेलवर न जाता एक कागद स्वतः उघडा: कॉमन डेटा सेट. बहुतेक विद्यापीठं दर वर्षी तो प्रसिद्ध करतात. विद्यापीठाचं नाव आणि ‘कॉमन डेटा सेट’ असं शोधलं की पीडीएफ मिळते. त्यात सी७ हा तक्ता पाहा: गुण, निबंध, शिफारसपत्र, मुलाखत, अर्जदाराने दाखवलेला रस, यांतलं काय ‘अति महत्त्वाचं’ आणि काय ‘विचारात नाही’ ते तिथे खुणेने दिलेलं असतं. सी९ मध्ये एसएटीची मधल्या पन्नास टक्के मुलांची पट्टी. निवडक कॉलेजांत ती १५०० ते १५७० च्या घरात असते, म्हणजे १५३० तिथे मधोमध बसतो, वर नाही. सी२१ मध्ये अर्ली डिसिजनचे अर्ज आणि होकार. सर्वांत मोलाचा एच६: किती परदेशी विद्यार्थ्यांना कॉलेजने स्वतःचे पैसे दिले आणि सरासरी किती. हा आकडा बी२ मधल्या एकूण परदेशी विद्यार्थ्यांनी भागा. शंभरांत ७० जणांना सरासरी ५०,००० डॉलर मिळत असतील, तर ते कॉलेज एड मागणाऱ्यांसाठी खरं आहे. शंभरांत चौघांना मिळत असतील, तर तो अर्ज म्हणजे फी वाया.

‘नक्की’ या शब्दाला मी चार अटी लावेन. मुलीचा स्कोअर सी९ च्या वरच्या टोकाच्या पुढे हवा. तिच्या विषयाचा, आणि मिळाला तर परदेशी मुलांचा, ॲक्सेप्टन्स रेट साठ-सत्तरच्या वर हवा. खर्च जाहीर स्कॉलरशिप धरून तुम्हाला झेपायला हवा. आणि मिळालं तर मुलगी तिथे आनंदाने जाईल असं ते हवं. ॲरिझोना स्टेट विद्यापीठासारखी ठिकाणं, जी अर्ज करणाऱ्यांतल्या दहातल्या नवांना घेतात, पहिल्या दोन अटींत बसतात. तिसरी प्रत्येक घराची वेगळी. अशी दोन कॉलेजं मिळाली की मगच वरची नावं लिहायला घ्या.

आता तुमच्या हातातलं. दोन होकारांचं उत्तर १ मेपर्यंत द्यायचं आहे. दोन्हींचा चार वर्षांचा निव्वळ खर्च कागदावर मांडा, फी दर वर्षी थोडी वाढणार हे धरून, आरोग्य विमा धरून. स्कॉलरशिप चारही वर्षं आहे का आणि त्यासाठी किती जीपीए टिकवावा लागेल, हे पत्रात बारीक अक्षरांत असतं, ३.० ची अट नेहमीची. कॉम्प्युटर सायन्समध्ये थेट प्रवेश आहे की ‘प्री-मेजर’ म्हणून, हे ई-मेलने विचारून लेखी उत्तर घ्या. प्री-मेजर असेल तर पहिल्या वर्षानंतर पुन्हा एक चाळणी आहे. एखाद्या होकाराची एड कमी पडत असेल तर उत्पन्नात खरोखर झालेला बदल, आजारपण, कर्ज यांचे कागद लावून फेरविचार मागता येतो. मागून बघा. नकारांवर अपील करण्यात मात्र अर्थ नाही, गुणपत्रिकाच चुकीची गेली असं काही असल्याशिवाय. कारण विचारलंत तरी बहुतेक कॉलेजं ते सांगत नाहीत.

वेटलिस्टवर नाव ठेवायचं असेल तर पोर्टलवर ‘हो’ म्हणावं लागतं, ते आपोआप होत नाही. मग एक पानाच्या आत पत्र: कॉलेजमध्ये अजून रस आहे, जानेवारीनंतर नवीन काय झालं, आणि खरोखर तसं असेल तरच ‘बोलावलंत तर येईन’. बारावीचा निकाल लागला की गुणपत्रिका शाळेकडून पाठवा. आशा किती ठेवावी हे त्याच कॉमन डेटा सेटच्या सी२ मध्ये कळतं: वेटलिस्टवर किती थांबले आणि किती आत आले. काही वर्षी तो आकडा शून्य असतो. एड मागणाऱ्या मुलांना मे-जूनपर्यंत बजेट उरलेलं नसतं, म्हणून दोन्ही वेटलिस्ट धरून बसू नका. होकारांपैकी एकाची जागा डिपॉझिट भरून १ मेआधी पक्की करा. नंतर वेटलिस्टमधून बोलावणं आलंच, तर ते डिपॉझिट सोडून जाता येतं.

दोन्ही होकार खर्चात बसत नसतील तर वर्षभर थांबून पुन्हा अर्ज करता येतो, आणि मुलीची तयारी असेल तर तुमच्या बाबतीत ते वाईट नाही: विषय, एड आणि अर्ली डिसिजन या तिन्ही गोष्टी नव्याने मांडता येतील. सीईटी तिला देऊ द्या. पण एक लक्षात ठेवा. तिने जुलै-ऑगस्टमध्ये इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश घेतला, की बहुतेक अमेरिकी विद्यापीठांच्या लेखी ती पहिल्या वर्षाची अर्जदार राहत नाही, ट्रान्सफर ठरते. ट्रान्सफरच्या परदेशी मुलांना जागाही कमी आणि एड त्याहून कमी. म्हणून इथला प्रवेश पक्का करण्याआधी, जिथे पुन्हा अर्ज करायचा विचार आहे त्या तीन-चार विद्यापीठांना ई-मेल करून ‘भारतात पदवीला नाव घातलं तर अर्ज कोणत्या गटात जाईल’ हे विचारा आणि उत्तर जपून ठेवा.